कॅनडातले मॉल ओस का पडतायत: अँकर, भाडेकरार आणि खालची जमीन

मला विचारलेला प्रश्न असा आहे: कॅनडातले बंदिस्त मॉल एकामागून एक बंद पडतायत, त्याला ऑनलाइन खरेदीच जबाबदार आहे का? टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या धाकट्या भावाला एका जुन्या मॉलमध्ये फराळाच्या पदार्थांसाठी गाळा मिळतोय, तो घ्यावा का? आणि उद्या पुण्यातही हेच होईल का?

टोरांटो आणि आसपासच्या शहरांत मॉलमधले गाळे भाड्याने देण्याघेण्याच्या कामात मी बरीच वर्षं घालवली आहेत, आधी मालकांच्या बाजूने आणि नंतर भाडेकरूंच्या बाजूने. म्हणून उत्तर लांब होणार आहे. घाई असेल तर भावासाठीचा भाग शेवटाकडे आहे, तो आधी वाचा.

ऑनलाइन खरेदीने मॉल दुबळे केले, हे खरं. पण मॉल कोसळतो तो त्यातलं सर्वांत मोठं दुकान गेल्यावर, आणि पाडला जातो तो वरच्या दुकानांपेक्षा खालची जमीन महाग झाल्यावर. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. शिवाय सगळेच मॉल मरत नाहीयेत. डिसेंबरातल्या शनिवारी टोरांटोच्या यॉर्कडेल मॉलला जाऊन बघा, गाडी लावायला जागा सापडत नाही. मरतोय तो मधला थर: वस्तीच्या कोपऱ्यावरचे, १९५५ ते १९८५ च्या दरम्यान बांधलेले, किराणा, चपलांचं दुकान, शिंपी, चश्मेवाला आणि एक मोठं डिपार्टमेंट स्टोअर असलेले मॉल.

आधी मॉलचा धंदा चालतो कसा ते सांगतो, कारण बाहेरून तो दिसत नाही. मोठ्या दुकानाला या धंद्यात अँकर म्हणतात. ईटन्स, सिम्पसन्स, द बे (हडसन्स बे कंपनीची दुकानं), सिअर्स, झेलर्स, वूलको ही कॅनडातली अँकर नावं. बँक कर्ज द्यायची ती या नावांकडे बघून, म्हणून मॉल बांधायच्या आधीच अँकर ठरलेला असायचा आणि अटीही तोच घालायचा. त्याला जागा नाममात्र भाड्याने मिळायची, करार अनेक दशकांचा असायचा आणि तो पुन्हा पुन्हा वाढवायचा हक्क अँकरच्या हातात राहायचा. खरं भाडं भरायचे ते दोन अँकरांच्या मधल्या पट्ट्यातले छोटे गाळेधारक. चौरस फुटामागे त्यांचा दर अँकरच्या कितीतरी पट. त्यावर कर, विमा आणि सामायिक देखभालीचा हिस्सा वेगळा, आणि विक्री ठरावीक आकड्याच्या वर गेली तर तिच्यातही टक्का. अँकर लोकांना खेचून आणतो आणि त्या गर्दीची किंमत गाळेधारक मोजतात, अशी ही मांडणी.

मॉल मोडतो तोही याच करारांमुळे. चांगल्या साखळी दुकानांच्या करारात एक कलम असतं: अमुक अँकर बंद झाला आणि ठरावीक महिन्यांत त्याच्या तोडीचा दुसरा आला नाही, तर आम्ही पूर्ण भाडं देणार नाही, फक्त विक्रीचा टक्का देऊ, आणि तरीही जागा रिकामीच राहिली तर करार सोडून जाऊ. एकट्या शिंप्याला किंवा घड्याळवाल्याला हे कलम मिळत नाही, कारण ते मागण्याइतकं त्याचं वजन नसतं. त्यामुळे अँकर गेला की आधी साखळी दुकानं निघतात. मालकाचं उत्पन्न घटतं, पण छप्पर, हीटिंग, पहारा, बर्फ काढणं हे खर्च तेवढेच राहतात. ते उरलेल्यांच्या अंगावर येतात आणि उरलेलेही हलायला लागतात. गिऱ्हाइकाला रिकाम्या काचा दिसायच्या कितीतरी आधी, कागदावर तो मॉल संपलेला असतो.

आता कॅनडाच्या अँकरांचं काय झालं ते बघा. १९९१ मध्ये सिम्पसन्सचं नाव पुसलं गेलं. १९९३ मध्ये पश्चिमेकडची वुडवर्ड्स बुडाली. १९९४ मध्ये वॉलमार्टने वूलकोची १२२ दुकानं घेऊन देशात पाय ठेवला. १९९९ मध्ये ईटन्स दिवाळखोरीत गेली. त्या नावाचं वजन आजच्या पिढीला सांगून कळणार नाही. शहराच्या मध्यभागी ईटन्स असणं हीच त्या शहराची पत मानली जायची. तिच्या काही जागा सिअर्सने घेतल्या. २०११ मध्ये अमेरिकेच्या टार्गेटने झेलर्सचे २२० पर्यंत भाडेकरार घ्यायचा सौदा १८२.५ कोटी डॉलरला केला, २०१३ च्या मार्चमध्ये दुकानं उघडायला सुरुवात केली, आणि १५ जानेवारी २०१५ रोजी सगळी १३३ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. साडेसतरा हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. टार्गेटच्या आधी तिथे झेलर्स होतं, ते साधं, स्वस्त आणि कुरकुरत का होईना चालणारं दुकान होतं. टार्गेट गेल्यावर त्यातल्या कितीतरी जागा रिकाम्या पडल्या. मधल्या थरातल्या किती मॉलना हा घाव बसला हे मी जवळून पाहिलंय. माझ्या मते कॅनडातल्या मॉलच्या पडझडीत टार्गेटची ही दोन वर्षं ऑनलाइन खरेदीपेक्षा जास्त नुकसान करून गेली.

मग सिअर्स. २०१७ च्या जूनमध्ये कर्ज देणाऱ्यांपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं आणि जानेवारी २०१८ मध्ये शेवटची दुकानं बंद. २०२३ च्या मार्चमध्ये नॉर्डस्ट्रॉमने कॅनडा सोडत असल्याचं सांगितलं. आणि २०२५ मध्ये १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे गेली. ७ मार्चला संरक्षणाचा अर्ज आणि १ जूनला शेवटचा दिवस. सुमारे ८० द बे दुकानं, आठ हजारांहून अधिक कर्मचारी. पूर्वी अँकर गेला की पुष्कळदा पुढचा कोणीतरी जागा घ्यायला असायचा: सिम्पसन्सच्या जागी द बे, ईटन्सच्या जागी सिअर्स, झेलर्सच्या जागी टार्गेट. द बे गेली तेव्हा मात्र रांगेत पुढे कोणी नव्हतं. दोन-तीन मजल्यांच्या, लाख-दीड लाख चौरस फुटांच्या इतक्या साऱ्या जागा देशभर घेईल अशी डिपार्टमेंट स्टोअरची साखळी आता शिल्लक नाही.

द बेच्या करारांवरून झालेला वाद मुद्दाम वाचण्यासारखा आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तीन मॉलची मालकी असलेल्या रुबी लिऊ यांनी २८ भाडेकरार घेऊन नवी डिपार्टमेंट स्टोअर उघडायची तयारी दाखवली. त्यांच्या स्वतःच्या तीन मॉलमधले करार मंजूर झाले. उरलेल्या २५ जागांना मॉलमालकांनी कडाडून विरोध केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओंटारिओ प्रांताच्या न्यायालयाने तो मान्य केला. बाहेरच्या माणसाला वाटेल, जागा रिकामी पडण्यापेक्षा कोणीतरी घेतंय हे चांगलंच. पण जुन्या अँकर करारांत फक्त स्वस्त भाडं नसतं. पार्किंगवर काहीही बांधायचं नाही, आमच्या दर्शनी बाजूसमोर इमारत नको, मॉलच्या रचनेत बदल करायचा तर आमची संमती घ्या, असे हक्कही त्यात असतात. असा करार नव्या हातात गेला की मालकाचे हात आणखी काही दशकं बांधले जातात. मालक न्यायालयात नव्या भाडेकरूचा अनुभव आणि पैसा यावर बोलत होते आणि ते मुद्दे खरेच होते. पण जागा मोकळी होऊन स्वतःच्या हातात येणं मालकांसाठी किती मोलाचं आहे, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

वॉलमार्टचं नाव वर आलं, त्याबद्दल थोडं. नव्वदच्या दशकात शहराबाहेर पॉवर सेंटर उभी राहिली: मोठं मोकळं पार्किंग, भोवती सुटी सुटी प्रचंड दुकानं, प्रत्येकाला स्वतःचं दार. सामायिक दालन नाही, म्हणून ते तापवायचा, झाडायचा, राखायचा खर्चही नाही. गाळ्याचा एकूण खर्च मॉलपेक्षा खूपच कमी. टोरांटोच्या एटोबिको भागातल्या हनीडेल मॉलची कथा इथे लागू पडते. १९७३ चा मॉल. वूलको होतं, त्याचं वॉलमार्ट झालं, आणि २००४ मध्ये वॉलमार्ट निघून गेलं. पुढे किराणा दुकानही गेलं. २०१३ मध्ये मॉल बंद झाला आणि नंतर कितीतरी वर्षं ती इमारत तशीच रिकामी उभी राहिली. २००४ मध्ये तिथल्या लोकांनी खरेदी थांबवली नव्हती. ते गाडीत बसून दुसरीकडे जाऊ लागले. जे गाडी चालवू शकत नव्हते त्यांची पंचाईत झाली.

कोविडमध्येही बाहेरून दार असण्याचा फरक पडला. ओंटारिओत टाळेबंदीच्या काळात किराणा आणि औषधांची दुकानं चालू होती, मॉलच्या आतले कपड्यांचे आणि दागिन्यांचे गाळे महिनोन्‌महिने बंद. जे तग धरून होते त्यातले बरेच तिथे संपले. ऑनलाइनचा वाटा खऱ्या अर्थाने त्या वर्षात वाढला, आणि त्यानंतर तो काही प्रमाणात ओसरलाही.

शहराच्या मध्यभागी बांधलेल्या मॉलची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त लागते, कारण तिथे सार्वजनिक पैसा आणि चांगला हेतू दोन्ही होते. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ओंटारिओच्या मध्यम शहरांनी उपनगरातल्या मॉलशी स्पर्धा करायची ठरवली, आणि उपाय काय शोधला तर शहराच्या मध्यभागीच मॉल. जुने रस्ते बंद केले, जुन्या इमारती पाडल्या, ईटन्सला आणलं. ग्वेल्फमध्ये १९८४ मध्ये ईटन सेंटर आलं, तेही एका जुन्या रस्त्यावर. ईटन्स बुडाल्यावर त्या जागेत २००० मध्ये आइस हॉकीचं स्टेडियम झालं. ब्रँटफर्डमध्ये ईटन मार्केट स्क्वेअर बांधलं. मॉल रिकामा झाला, शेजारचा मुख्य रस्ताही रिकामा झाला, आणि २०१० मध्ये त्या कोलबोर्न रस्त्याच्या दक्षिणेकडच्या ४१ जुन्या इमारती पाडल्या गेल्या. मॉलची इमारत शेवटी विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाने घेतली. जिथे साबण-अत्तरं विकली जायची तिथे आज वर्ग भरतात. शहराला जीव आला तो विद्यार्थ्यांमुळे.

लंडन (ओंटारिओतलं) याहून जुनं उदाहरण. तिथलं वेलिंग्टन स्क्वेअर १९६० चं, कॅनडात शहराच्या मध्यभागी झालेला पहिला बंदिस्त मॉल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो वाढवून मोठा केला आणि दहा वर्षांत ओस पडला. २००२ मध्ये द बेच्या रिकाम्या जागेत शहराचं मध्यवर्ती ग्रंथालय गेलं आणि बाकी भागात कार्यालयं आली. मॉलचं रूपांतर म्हणून मला हा सर्वांत प्रामाणिक प्रकार वाटतो: छप्पर, हीटिंग, बसचा थांबा सगळं आधीपासून आहे, फक्त विक्रीच्या जागी वाचायला बसलेली माणसं.

क्वेबेक शहराने सरळ छप्परच काढलं. सेंट-रॉक भागातला सेंट-जोसेफ रस्ता १९७४ मध्ये मॉलशी टक्कर द्यायला म्हणून वरून झाकला होता. आत अंधार आणि कोंदटपणा आला, बाहेरच्या बाजूच्या दुकानांना पाठमोऱ्या भिंती मिळाल्या आणि भागाची रया गेली. २००० पासून टप्प्याटप्प्याने ते छप्पर उतरवलं आणि २००७ पर्यंत रस्ता पुन्हा उघड्यावर आला. आज तो शहरातला चांगला चालता रस्ता आहे, आणि तिथे हिवाळा ओंटारिओपेक्षा कडक असतो. थंडी आहे म्हणून छप्पर हवंच, हा युक्तिवाद कोणी केला की मी हे उदाहरण देतो.

विनिपेगचं पोर्टेज प्लेस १९८७ चं. केंद्र, प्रांत आणि शहर अशा तिन्ही सरकारांच्या योजनेतून पोर्टेज अॅव्हेन्यूच्या उत्तर बाजूला तीन गल्ल्यांएवढ्या लांबीचा मॉल बांधला आणि स्कायवॉकने तो शेजारच्या मोठ्या दुकानांना जोडला. लोक वरच्या मजल्यांतून चालायला लागले, खालचा रस्ता आणखी सुना झाला. ईटन्स गेली, तिची इमारत पाडून २००४ मध्ये तिथे हॉकीचं स्टेडियम आलं. पोर्टेज प्लेसच्या जागी आता आरोग्यसेवेची इमारत आणि घरं असा प्रकल्प चालू आहे. जवळची द बेची जुनी इमारत कंपनीने २०२२ मध्ये सदर्न चीफ्स ऑर्गनायझेशन या मूळनिवासी राष्ट्रांच्या संघटनेला दिली. ज्या कंपनीने फरच्या (केसाळ कातड्यांच्या) व्यापारावर या प्रदेशात साम्राज्य उभं केलं, तिची इमारत त्या लोकांकडे जाणं मला न्याय्य वाटतं, मात्र ती पुन्हा वापरात आणायचा खर्च प्रचंड आहे.

मग यॉर्कडेल का चालतं? १९६४ चं आहे, म्हणजे वयाने हनीडेलपेक्षा मोठं. कारण त्याचे मालक. कॅनडातले बरेच मोठे मॉल पेन्शन फंडांच्या हातात आहेत, ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना माहीत नसते. कॅडिलॅक फेअरव्ह्यू ही कंपनी ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाची. ऑक्सफर्ड ही ओंटारिओच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या फंडाची. इव्हानो केंब्रिज क्वेबेकच्या केस द देपो या पेन्शन फंडाची. या मालकांना दर तिमाहीला नफा दाखवायचा दबाव नसतो, ते वीस वर्षांचा विचार करतात, म्हणून अँकर गेला तर कोट्यवधी डॉलर खर्चून त्या जागेचे पाच तुकडे करू शकतात. यॉर्कडेलने महागड्या ब्रँडची दुकानं आणून बसवली. मधल्या थरातल्या मालकाकडे तो पैसा नसतो आणि ते ब्रँड त्याच्याकडे येतही नाहीत.

अलीकडे हे फंड दुसऱ्या फळीतले मॉल विकतायत. वॉटर्लूचा कोनेस्टोगा, ओशावा सेंटर, क्वेबेकचं गॅलेरी द ला कॅपिटाल असे मॉल प्रायमॅरिस या ट्रस्टने गेल्या काही वर्षांत घेतले. किंमत उतरली की जुना मॉलही रोख उत्पन्न देतो, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर आहे, पण फक्त त्या शहरातल्या पहिल्या क्रमांकाच्या मॉलसाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मॉलला घेणारा येतो तो जमिनीसाठी.

जमिनीचा मुद्दा असा. साठच्या दशकात मॉलला पुष्कळ सपाट जागा लागायची आणि तिचा मोठा भाग पार्किंग असायचा. तेव्हा ती जागा शहराच्या कडेला होती. शहर वाढलं आणि आज तीच जागा मेट्रोच्या थांब्यावर येते. व्हँकुव्हरचं ओकरिज वुडवर्ड्सने १९५९ मध्ये उघडलं; २००९ मध्ये दारात कॅनडा लाइन या मेट्रोचं स्थानक आलं, २०२० मध्ये जुना मॉल बंद झाला आणि तिथे तीन हजारांहून अधिक घरं, ग्रंथालय आणि छतावर बाग असा प्रकल्प उभा राहतोय. टोरांटोत डफरिन आणि डुपाँटच्या कोपऱ्यावरचा १९७२ चा गॅलेरिया मॉल पाडून उंच मनोरे येतायत. ब्रॅम्प्टनचं शॉपर्स वर्ल्ड १९६९ चं आहे आणि त्याच्या जमिनीवरही मोठ्या वस्तीचा आराखडा मांडला गेलाय. असं एकदा ठरलं की मालक गाळे दीर्घ मुदतीने देणं थांबवतो. रिकामे गाळे तसेच ठेवतो, गळकं छत तात्पुरतं बुजवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोक येत नाहीत म्हणून मॉल मरतोय. पुष्कळदा क्रम उलटा असतो.

त्यातून नवीच अडचण उभी राहिलीय. बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर मार्च २०२२ च्या सुरुवातीला पाव टक्का होता, तो जुलै २०२३ मध्ये पाच टक्क्यांवर गेला. टोरांटोत नव्या कॉन्डोंची (उंच इमारतींतल्या मालकीच्या फ्लॅटची) विक्री कोसळली. दर नंतर उतरले, पण खरेदीदार परत आले नाहीत. त्यामुळे पाडायचे ठरलेले कितीतरी मॉल आता ना धड चालू, ना धड बंद. तिथले गाळेधारक महिन्या-महिन्याच्या करारावर बसलेत. उद्या बाजार सुधारला की त्यांना निघावं लागणार, आणि सुधारला नाही तर ते या मरगळलेल्या इमारतीत अडकून राहणार.

यात जे जातं त्याची किंमत कुठल्याच ताळेबंदात येत नाही. विनिपेगला जानेवारीत रात्री उणे वीस ही नेहमीची गोष्ट आहे. टोरांटोच्या फुटपाथवर तीन महिने बर्फ असतो. अशा शहरात मॉल ही पैसे न देता तासभर बसता येईल अशी मोजक्या उबदार जागांपैकी एक. दुकानं उघडायच्या आधी दारं उघडतात आणि म्हातारी माणसं चालायला येतात, मग फूड कोर्टात एकेक कॉफी घेऊन दुपारपर्यंत बसतात. सुपर व्हिसावर मुलांकडे आलेले आपले कितीतरी आई-बाबा हिवाळ्यात याच बाकांवर भेटतात. बसने जाता येतं, स्वच्छतागृह आहे, घसरून पडायची भीती नाही. चौकात उघडा बाजार आणि वर पंचेचाळीस मजले असा नवा आराखडा चित्रात सुंदर दिसतो, पण त्या बाकांची जागा त्यात बहुधा नसते. म्हणून बांधकामाची परवानगी देतानाच शहराने अट घालावी असं मी प्रत्येक सार्वजनिक सुनावणीत सांगतो: वस्तीला परवडणारा किराणा, औषधांचं दुकान, बसायला बंदिस्त सार्वजनिक दालन आणि जुन्या गाळेधारकांना परवडेल अशा लहान गाळ्यांचा ठरावीक हिस्सा. मोठी साखळी दुकानं स्वतःची सोय स्वतः करतात.

आता तुमच्या भावाचं. जुन्या मॉलमध्ये गाळा घेणं वाईट नाही. भाडं कमी असतं, पार्किंग असतं, आणि ब्रॅम्प्टनमध्ये फराळाचं गिऱ्हाईक आहे. पण सही करण्याआधी कराराची सगळी पानं वकिलाला दाखवा आणि त्यात सर्वांत आधी पाडकामाचं कलम शोधा. मालक सहा महिन्यांची किंवा बारा महिन्यांची नोटीस देऊन इमारत पाडण्यासाठी करार संपवू शकतो, असं ते कलम सांगतं. ते कलम असेल तर पाच वर्षांचा करार नावालाच पाच वर्षांचा. मी एका शिंप्याचा करार पाहिला होता, माणूस जुना, हाताला गुण असलेला. त्याने नव्या गाळ्यात बचतीतले पैसे घालून फर्निचर केलं आणि दुसऱ्याच वर्षी नोटीस आली. करारात सगळं लिहिलेलं होतं, भरपाईचा एक डॉलर मिळाला नाही. खाद्यपदार्थांच्या गाळ्यात तर खर्च आणखी मोठा: धूर ओढणारं हूड, आग विझवायची यंत्रणा, सांडपाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप, गॅसची जोडणी. हे काढून नेता येत नाही. म्हणून कलम काढून टाकता येत नसेल तर एवढं तरी मागा: पहिली तीन वर्षं ते लागू होणार नाही आणि लागू केलं तर केलेल्या खर्चाचा न फिटलेला भाग मालक देईल. आधीच्या उपाहारगृहाचं हूड तयार असलेला गाळा मिळाला तर फारच उत्तम.

त्या पत्त्यावर पुनर्विकासाचा अर्ज दाखल झालाय का ते नगरपालिकेकडे विचारा. ही सार्वजनिक माहिती असते आणि बरेच लोक ती बघतच नाहीत. मूळ भाड्यावर वेगळे येणारे कर, विमा आणि देखभाल यांचे मागच्या तीन वर्षांचे आकडे लेखी मागा. अर्ध्या रिकाम्या मॉलमध्ये हा हिस्सा कसा वाटतात हे विचारा, फक्त भरलेल्या गाळ्यांत की सगळ्या क्षेत्रफळावर. मुख्य किराणा दुकानाचा करार कधी संपतो हे विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. आणि वैयक्तिक हमी देताना घर अडकत नाही ना, किंवा निदान हमीची रक्कम मर्यादित आहे ना, हे नीट पाहा. ओंटारिओत राहत्या घराच्या भाडेकरूला जे संरक्षण आहे ते दुकानदाराला नाही. भाडं थकून पंधरा दिवस उलटले की सोळाव्या दिवशी मालक कुलूप बदलू शकतो. हे ऐकून आपल्याकडची माणसं चकित होतात, कारण मुंबई-पुण्यातल्या पागडीच्या दुकानांचा अनुभव त्यांच्या डोक्यात असतो.

पुण्याबद्दल. कॅनडाचं जसंच्या तसं इथे होणार नाही, कारण आपल्याकडे मॉल उशिरा आले आणि माणशी मॉलची जागा फारच कमी आहे. पण फरक दिसायला लागलाय. मुंबईत हाजीअलीजवळचा क्रॉसरोड्स १९९९ मध्ये उघडला तेव्हा लोक बघायला यायचे, पुढे नाव बदललं तरी तो ओसच पडत गेला. दुसरीकडे, २०२३ मध्ये वाकडला उघडलेल्या फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियममध्ये कॅनडाच्याच सीपीपी या पेन्शन गुंतवणूक मंडळाचा मोठा वाटा होता. २०२५ मध्ये फिनिक्सने तो विकत घ्यायचा करार केला. कॅनडात मॉल टिकले ते अशा एकहाती, सबुरीच्या मालकीमुळे, आणि तो नियम इथेही लागू पडतो. आपल्याकडे जे मॉल गाळ्यागाळ्याने विकले गेले, तिथे शंभर मालकांचं एकमत होत नाही, कोणता भाडेकरू कुठे बसवायचा हे कुणीच ठरवत नाही, सरकता जिना बंद पडला तरी वर्गणी जमत नाही. कॅनडात मार्कमचा पॅसिफिक मॉल १९९७ पासून अशाच गाळेनिहाय मालकीवर चाललाय, पण त्याच्यामागे आसपासच्या चिनी समाजाचं रोजचं येणं-जाणं आहे. पुण्यात कोणी तुम्हाला मॉलमधला गाळा गुंतवणूक म्हणून विकत घ्यायला सांगितला, तर आधी त्या इमारतीत एकूण मालक किती, देखभालीची थकबाकी किती आणि खालच्या मजल्यावर रोजच्या वापराचं एखादं मोठं दुकान स्वतःच्या करारावर किती वर्षं बांधलेलं आहे, हे तपासा.